थांबलेल्या चित्रातून उठलेला नाच: लोणार, अजिंठा, लंडन आणि सेव्हिल

१/ बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराला प्रदक्षिणा घालताना बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी दिसतात. कुणाची कंबर एका बाजूस झुकलेली, कुणाचा हात डोक्यावर वळलेला. पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: या मुद्रेच्या आधी कोणती मुद्रा होती आणि नंतर कोणती? दगड त्याचे उत्तर देत नाही. आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/ सुरुवात दूरच्या, पण ताज्या उदाहरणाने करू. डिसेंबर २०२३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल शहरात 'अफानादोर' हा नृत्यप्रयोग प्रथम सादर झाला. स्पेनच्या राष्ट्रीय नृत्यपथकाचा हा प्रयोग मार्कोस मोराऊ यांनी दिग्दर्शित केला. त्याचा आधार कथा किंवा काव्य नव्हता. रुव्हेन अफानादोर या कोलंबियन छायाचित्रकाराने टिपलेली फ्लेमेंको कलावंतांची कृष्णधवल छायाचित्रे, हाच त्याचा आधार होता.

३/ छायाचित्रात ताल नसतो. मग तो रंगमंचावर आला कोठून? उत्तर सोपे आहे. फ्लेमेंको ही जिवंत परंपरा आहे. टाचांचा आघात, टाळ्यांचे वजन, तालाचे आवर्तन त्या नर्तकांच्या अंगात आधीच मुरलेले होते. छायाचित्राने रूप दिले, चाल परंपरेने दिली. परंपरा तुटलेली असेल तर काय होते? त्यासाठी आपल्याच डोंगरात यावे लागेल.

४/ बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे, तिचे नाव अजिंठ्याची रांग. याच रांगेत, आजच्या जिल्हासीमेपलीकडे, अजिंठ्याची लेणी आहेत. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास धाडले. तो आला आणि उरलेले आयुष्य बहुतांशी याच मुलखात राहिला. गिल आणि पारो यांची कथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. गिलची दुसरी ओळख मात्र मागे पडली: तो छायाचित्रकारही होता.

५/ गिलपाशी दोन भिंगांचा कॅमेरा होता. तो एकाच दृश्याची किंचित भिन्न अशी दोन चित्रे टिपे. विशिष्ट उपकरणातून ती एकत्र पाहिली की खांब पुढे येतो आणि गाभारा खोल जातो. अशा शंभर चित्रांचे त्याचे पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाले.

६/ त्याच्या रंगीत प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि वीस वर्षांच्या श्रमांतील मोजक्याच वाचल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या.

७/ मूळ चित्रेही सुरक्षित नव्हती. १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंगाचे पोपडे बसवले, पण वर दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला. म्हणून जुनी छायाचित्रे आणि ग्रिफिथ्सचा छापील ग्रंथ यांचे मोल वाढते. कित्येक रेषांचे ते शेवटचे साक्षीदार आहेत.

८/ या साक्षीलाही एक मर्यादा आहे. गिलच्या काळी काचेवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. हलणारी वस्तू पुसट होई, म्हणून नर्तकीला कॅमेऱ्यापुढे नाच थांबवून उभे राहावे लागे. त्या काळच्या छायाचित्रांतील नर्तकी स्थिर, गंभीर आणि बहुधा निनावी आहेत. आपण ज्याला नाचाचे जुने छायाचित्र म्हणतो, ते खरे तर नाच थांबल्याचे छायाचित्र असते.

९/ आता लेणे क्रमांक १. महाजनक जातकाच्या चित्रात राजवाड्यातील नृत्य आहे: मध्ये नर्तकी, भोवती बासरी, टाळ आणि मृदंग वाजवणाऱ्या स्त्रिया. वेश, केशरचना, देहाचा बाक सारे स्पष्ट दिसते. मात्र मृदंगावर कोणता ठेका होता, हे सांगणारी शिष्यपरंपरा आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

१०/ तरीही हे चित्र 'नाचवण्याचा' प्रयत्न झाला. रशियन बॅले-नर्तकी आना पावलोवा १९२२ च्या अखेरीस आशियाच्या दौऱ्यात भारतात आली होती. पुढच्याच वर्षी तिने लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेले बॅले सादर केले. नृत्यरचना इव्हान क्लुस्टिनची, संगीत निकोलाय चेरेपनिनचे. हात-मान अजिंठ्याची, पाय आणि वाद्यवृंद युरोपचा. चित्रात नसलेला ताल भरताना कलावंताने आपल्याच घरचा ताल भरला. त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याच्यापाशी दुसरा होताच कोठे?

११/ त्याच वर्षी पावलोवाने राधा-कृष्ण आणि हिंदू विवाह या विषयांवर दोन नृत्ये एका भारतीय तरुणाकडून बसवून घेतली. त्याचे नाव उदय शंकर. हा तरुण आधी मुंबईच्या जे. जे. मध्येच चित्रकला शिकला होता. कोणत्याही गुरूकडे शास्त्रीय नृत्याची तालीम न घेता चित्रे आणि शिल्पे पाहून त्याने देहाची भाषा घडवली. पुढे भारतात परतून त्याने लेणी पाहिली, जिवंत नृत्यपरंपरा धुंडाळल्या. चित्र पुरेसे नाही, हे त्याला उमगले होते.

१२/ यातून हाती काय लागते? प्रतिमा मुद्रा जपते, चाल जपत नाही. चाल माणसाच्या देहातच राहते आणि देहाबरोबर जाते. सेव्हिलचा प्रयोग फ्लेमेंकोचा राहिला, कारण ती माणसे हयात होती. लंडनचे अजिंठा लंडनचे झाले, कारण ती माणसे शतकांपूर्वी गेली होती.

१३/ हा प्रश्न आजचाही आहे. तमाशा आणि लावणीची उत्तम छायाचित्रे मराठीत आहेत. संदेश भंडारे यांचे 'तमाशा: एक रांगडी गंमत' हे पुस्तक ठळक उदाहरण. उद्या त्यांवरून कोणी रंगमंचीय प्रयोग उभा करील. तेव्हा 'इथे पाय असा पडत नाही' असे सांगणारी, फडावर आयुष्य काढलेली बाई समोर असेल का? आज ती आहे. तिला विचारण्याची वेळही आजचीच.

१४/ पुन्हा लोणार. हेन्री कझेन्सने १९३१ च्या आपल्या ग्रंथात दैत्यसूदन मंदिराची नोंद केली, म्हणून झीज मोजायला एक जुने माप आपल्यापाशी आहे. पुढच्या खेपेस तेथे गेलात तर स्वतःच्या छायाचित्राबरोबर एका सुरसुंदरीचेही समोरून, सरळ छायाचित्र घ्या. तारीख आणि भिंतीची दिशा लिहून ठेवा. तिचा ताल आपण परत आणू शकणार नाही. तिची मुद्रा तरी पुढच्या पिढीच्या हाती अभंग द्यावी.

(धागा समाप्त)