किती कापणार?

दागिना तपासायला आणणारा माणूस आधी कस विचारत नाही. तो विचारतो, ‘किती कापणार?’ मी खानापूर तालुक्यातला गलाईवाला, म्हणजे सोनं गाळणारा नि पारखणारा. आमच्याकडच्या दुष्काळानं विटा-आटपाडीची माणसं देशभरच्या सराफबाजारांत पांगवली, त्यांतलाच एक. उमेदीची वर्षं तृश्शूरला गेली. त्यामुळे सोनं पारखण्याचा इतिहास वाचताना मी पहिल्यांदा हेच बघतो की, खरं-खोटं कळावं म्हणून मालकाचं किती सोनं गेलं.

या बाबतीत कसोटीच्या दगडाला तोड नाही. कौटिल्य मुगाच्या रंगाचा, कलिंगातला किंवा तापीकाठचा दगड उत्तम म्हणतो, आणि नखात गेरू लपवून रेघेवर भुरभुरवणाऱ्यांपासून सावधही करतो. म्हणजे आमच्या धंद्यातल्या लबाड्याही काही आजच्या नाहीत. अकबराच्या टांकसाळीत ठरावीक कसाच्या सोन्याचे कण पितळेच्या सुयांच्या टोकांना लावून त्यांवर कस लिहून ठेवत. अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त ती सगळी रीत दिली आहे. माझ्या चुलत्यांकडचा तसल्याच सुयांचा जुडगा पाहिला असता तर त्याला तो ओळखीचा वाटला असता.

चुलते दागिना उलटा धरायचे. कडीजवळ, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, दगडावर एकदा घासायचे आणि ती रेघ पुसून टाकायचे. दुसरी रेघ खरी. तिच्या शेजारी सुईची रेघ ओढायची नि दोन्हींवरून तेजाबाची काडी फिरवायची. हलक्या सोन्याची रेघ आधी विटते. सगळा खेळ नजरेचा, पण दागिन्यात काही कमी झालेलं मालकिणीलाही दिसत नसे. दगडावर राहिलेलं सोनंसुद्धा आपले लोक सोडत नसत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए लिहितो की, इथले पारखी डांबर नि मेणाचा गोळा दगडावर फिरवून रेघा उचलून घेतात आणि पुढे तो गोळा जाळून सोनं काढतात. त्याला या काटकसरीचं नवल वाटलं. मला त्याच्या नवलाचं वाटतं.

पण नजरेला मर्यादा असते. हजारात एका भागाचा हिशेब हवा असेल तर आगीलाच शरण जावं लागतं. सुमारे पाव ग्रॅम सोनं कापायचं, त्यात अडीचपट चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या वाटीत भट्टीत ठेवायचं. शिसं तांब्याला सोबत घेऊन वाटीत जिरतं. वर चकचकीत मणी उरतो. तो लाटून, गुंडाळी करून तेजाबात उकळला की चांदी निघून जाते. राहतं ते मातकट, तपकिरी, चिमट्यात धरताना भुगा होईल की काय असं. पुन्हा तापवलं की पिवळं होतं. त्याचं वजन हेच उत्तर.

हे सगळं लगडीला ठीक. गावाकडची बोरमाळ घेतली तर मणी म्हणजे पातळ पत्रा नि आत लाख. त्यातून पाव ग्रॅम काढायचं म्हणजे मणीच गेला. पाण्यात तोलून कस काढण्याची, आर्किमिडीजच्या नावावर सांगतात ती युक्तीही लाखेपुढं चालत नाही.

न कापता पारखायची वाट दाखवली ती क्ष-किरणांनी. प्रत्येक मूलद्रव्याची त्यांतली ओळख मोसली या तरुण इंग्रजानं 1913 साली लावून दिली. दोन वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. त्याच तत्त्वावरचं यंत्र आता गल्लीगल्लीत आहे. पेटीत दागिना ठेवा, अर्ध्या मिनिटात सोनं, चांदी, तांब्याचे टक्के. ओरखडा नाही, तेजाब नाही. गिऱ्हाईक खूश. पण सोनं हे किरण इतकं शोषून घेतं की उत्तर येतं ते वरच्या काही मायक्रॉनच्या थराचं. जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचाच कस सांगतं. अस्सल दागिनाही तेजाबात उजळलेला असला तर वरचं तांबं धुऊन गेलेलं असतं, आणि तो आहे त्यापेक्षा चोख दिसतो. चुलते पहिली रेघ पुसायचे ते याचसाठी.

हॉलमार्क 2000 साली आला, जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. तिथंही माल आधी यंत्राखाली जातो, मग त्यातला नमुना कापून आगीत. कापाकापी होते ती दुकानदाराच्या नव्या मालाची. घरातला जुना दागिना कापायचा तर सोनं जातं ते मालकाचंच.

पुतण्याच्या दुकानात यंत्र आहे. मोडीचा माल असला तर तो आधी मुशीत गाळतो नि लगड दोन्ही टोकांना तपासतो. मोडायचा नसलेला दागिना असला तर चिठ्ठीवर आकड्याखाली ‘फक्त वरचा थर’ असं लिहितो. ते लिहायला मी लावलं. गिऱ्हाइकं त्यावरून हुज्जत घालतात, शेजारचा दुकानदार लिहीत नाही म्हणतात. घालू देत.