महाडचा चवदार तळे सत्याग्रह
महाड (जि. रायगड) येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिऊन बजावलेला नागरी हक्क. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. मग सत्याग्रह कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ठरावानंतरही अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. पाणी प्यालेल्यांवर झालेला हल्ला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ यांतून कागदावरचा हक्क किती पोकळ होता, हे उघड झाले. डिसेंबरमधील दुसरा सत्याग्रह न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे स्थगित झाला, म्हणून लढा फसला असेही म्हणता येत नाही: १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्यामुळे २० मार्चचा स्मृतिदिन पाण्यापेक्षा समान नागरिकत्वाच्या दाव्याचा ठरतो.