कायद्याची अट, वस्तादाचा धाक

गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच साली दारूबंदीचा कायदा आला आणि हा घाटमाथाही त्याच्या कक्षेत गेला. पुढे बंदी सैलावली, पण वयाची अट उरली : बिअरला 21, कडक दारूला 25. म्हणजे कॉलेज संपले तरी कायदा ‘थांब’च म्हणतो! पण पोर थांबते ते कायद्याने की माणसाने?

कोल्हापूरच्या तालमीत व्यसन वर्ज्य. वस्तादाचा धाकच तसा. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीस धाडण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले.

बावड्याहून शिकायला आलेल्या मुलाला आज बाटली आणि ताकदीची इंजेक्शने गाठू शकतात. आपल्यासाठीही कोणी घर गहाण टाकील, एवढे त्याला ठाऊक असले पाहिजे.