‘व्यक्ती’ कोण? वकिलीचा हक्क आणि 1923 चा कायदा

कायद्याच्या भाषेत ‘व्यक्ती’ म्हणजे केवळ हाडामांसाचा माणूस नव्हे. जिला हक्क धारण करता येतात आणि जिच्यावर कर्तव्ये लादता येतात ती व्यक्ती. म्हणूनच कंपनी, इतकेच काय देवळातील मूर्तीही, कायद्याने व्यक्ती ठरते. मग कायद्याची पदवी मिळवलेली स्त्री वकिलीच्या कायद्यापुरती ‘व्यक्ती’ आहे की नाही, असा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात का उभा राहिला?

1879 च्या विधिव्यवसायी अधिनियमाने ‘योग्य व्यक्तींना’ वकिलीची सनद देण्याबाबत नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला होता. स्त्रियांना मनाई करणारे कलम त्यात नव्हते. 1916 मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात सनदेसाठी अर्ज केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, हा कायद्याच्या अर्थनिर्णयाचा सर्वसाधारण नियम त्यांच्या बाजूने होता. परंतु संदर्भ विरुद्ध असेल तर हा नियम लागू होत नाही. पाच न्यायाधीशांच्या पीठाने याच अपवादाचा आधार घेतला: 1879 मध्ये स्त्रिया वकिली करत नव्हत्या, तेव्हा कायदे करणाऱ्यांच्या मनात त्या असणे शक्य नाही. अर्ज फेटाळला गेला. जी प्रथा बदलायची तीच प्रथा येथे पुरावा झाली, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. (मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हा योगायोग गमतीचा.)

1921 मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयाने असाच नाकारला. पण त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सोराबजींनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. त्या विद्यापीठाने तेव्हा स्त्रियांना पदवी देण्याचे नाकारल्यामुळे प्रत्यक्ष पदवी हाती यायला तीस वर्षे लागली. म्हणजे देश एक, काळ एक, आणि स्त्री अलाहाबादेत वकील होण्यास पात्र, पाटण्यात अपात्र.

हा गोंधळ न्यायालयांत सुटणार नव्हता. बदल हवा तर तो विधिमंडळाने करावा, अशी त्यांची भूमिका होती. ती सोयीची होती हे खरे, पण त्यामुळे लढ्याचे ठिकाण दिल्लीला आले. संसद भवन 1927 मध्ये सुरू होण्यापूर्वी केंद्रीय विधानसभा दिल्लीत जुन्या सचिवालयात भरत असे. आज तेथे दिल्ली विधानसभा आहे. स्त्रियांवरील ही बंदी उठवण्यासाठी तेथे पुढाकार घेतला तो मध्य प्रांताचे सदस्य हरिसिंह गौर यांनी. नागपुरात वकिली केलेले गौर याच सुमारास नव्या दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. 1923 मध्ये विधिव्यवसायी (स्त्रिया) अधिनियम संमत झाला: केवळ स्त्री असल्याच्या कारणाने कोणीही वकिलीस अपात्र ठरणार नाही. तो संमत करणाऱ्या सभागृहात एकही स्त्री सदस्य नव्हती.

तुलनेसाठी कॅनडा पाहा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1928 मध्ये सिनेटच्या सदस्यत्वासाठी स्त्रिया ‘पात्र व्यक्ती’ नाहीत असे ठरवले. 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरवला. तेथे शब्दाचा अर्थ न्यायालयाने रुंदावला. भारतात त्यासाठी नवा कायदा करावा लागला.

दिल्लीतील कायद्याची कक्षा मात्र अरुंद होती. त्याने एका व्यवसायाचे दार उघडले, एवढेच. स्त्री न्यायालयात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी युक्तिवाद करू शकत होती. पण हिंदू विधवेला पतीकडून आलेल्या मालमत्तेवर स्वतःची पूर्ण मालकी सांगता येत नव्हती. हिंदू संहितेचे विधेयक रखडले आणि त्यासह इतर कारणांनी डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये दिल्लीत मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ती पूर्ण मालकी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 14 ने मिळाली. दिल्ली उच्च न्यायालयात लीला सेठ यांच्या रूपाने पहिली स्त्री न्यायाधीश आली ती 1978 मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयात फातिमा बीवी 1989 मध्ये.