५१२ जीबीचा लॅपटॉप अन् दिसतात ४७६ जीबी. बाकीची जागा गेली कुठे?

गोंदिया : बारावीनंतर पोराच्या कॉलेजसाठी किंवा गावात सेवा केंद्र टाकण्यासाठी घरात पहिल्यांदा लॅपटॉप येतो. अनेक घरांत त्यासाठी धानाच्या चुकाऱ्यातले पैसे लागलेले असतात. बॉक्सवर ५१२ जीबी लिहिलेले असते, बिलावरही तेच. घरी आणून सुरू केला की स्क्रीनवर दिसतात ४७६ जीबी, कधी त्याहूनही कमी. मग पहिला संशय दुकानदारावर जातो. "काहून कमी दाखवते? माल बदलला का?"

बहुतेक वेळा माल बदललेला नसतो. पण काही वेळा खरोखर फसवणूकही होते. या दोन्हींतला फरक कळायला थोडा हिशेब माहीत पाहिजे.

नाव एकच, मापे दोन

डिस्क बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. बाइट म्हणजे साठवणुकीचे सर्वांत लहान रोजचे माप. इंग्रजीतले एक अक्षर साधारण एका बाइटमध्ये बसते. कंपनीचा हिशेब आपल्या किलो-ग्रॅमसारखा हजाराच्या पटीत चालतो.

विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते. कॉम्प्युटरचे सारे काम शून्य आणि एक या दोनच आकड्यांवर चालते. दहा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की १०२४ येतात. हा आकडा हजाराच्या जवळचा, म्हणून जुन्या काळापासून त्यालाच 'किलो' म्हणायची सवय पडली. या हिशेबाने १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट होतात.

आता ५१२ जीबीच्या डिस्कमध्ये कंपनीने ५१ हजार २०० कोटी बाइट दिले. विंडोजने त्याला आपल्या मोठ्या मापाने भागले, तर उत्तर ४७६ च्या वर येते. बाइट तेवढेच आहेत, एकही कमी झालेला नाही.

आपण म्हणतो अडीच एकर वावर आहे, सातबाऱ्यावर दिसते १ हेक्टर १ आर. जमीन तेवढीच, माप बदलले. पण तिथे एकर आणि हेक्टर ही नावे तरी वेगळी आहेत. इथे दोन्ही मापांना 'जीबी'च म्हणतात, म्हणून घोळ होतो. पूर्वी खंडीचे नाव सगळीकडे एकच असायचे, पण माप भागागणिक बदलायचे, तसलाच हा प्रकार आहे.

हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १०२४ वाल्या मापाला 'गिबीबाइट' असे वेगळे नाव दिले. पण ते बाजारात रुळले नाही आणि विंडोज आजही जीबीच लिहिते. अॅपलने २००९ पासून आपल्या कॉम्प्युटरमध्ये हजाराचा हिशेब घेतला, त्यामुळे तिथे बॉक्सवरचा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतो. अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टातही गेले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये अशा दाव्यांत तडजोड केली. आता बॉक्सवर बारीक अक्षरांत '१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट' असे छापलेले असते.

किती दिसले पाहिजे?

विंडोजवर पूर्ण डिस्कचा आकडा साधारण असा दिसतो :

- १२८ जीबी : ११९
- २५६ जीबी : २३८
- ५०० जीबी : ४६५
- ५१२ जीबी : ४७६
- १ टीबी : ९३१

लक्षात ठेवायला सोपा उपाय म्हणजे बॉक्सवरच्या जीबीतून दर शंभरामागे सात वजा करायचे. त्याच्या आसपास आकडा आला तर माल बरोबर आहे.

मग त्यातूनही कमी का?

'सी' ड्राइव्हवर दिसणारा आकडा पूर्ण डिस्कचा नसतो. लॅपटॉप बिघडला तर विंडोज परत टाकता यावे म्हणून डिस्कचा एक तुकडा लपवून राखलेला असतो. काही कंपन्या तो १५-२० जीबीचाही ठेवतात. जागा वाढवायच्या नादात हा तुकडा पुसू नये, नाहीतर पुढे दुरुस्तीला पैसे जातील.

शिवाय 'एकूण' जागा आणि 'शिल्लक' जागा यांत फरक आहे. विंडोज स्वतः काही दहा जीबी खाते. पुढच्या अपडेटसाठी साधारण ७ जीबी ते वेगळे राखून ठेवते. लॅपटॉप झोपवला तर चालू काम लिहून ठेवायलाही जागा लागते. कंपनीने आधीच टाकलेले प्रोग्रॅम असतातच. धान भरडायला नेले की क्विंटलमागे क्विंटलभर तांदूळ परत येत नाही, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. डिस्कचेही तसेच, सगळी जागा आपल्या फोटो-व्हिडिओला मिळत नाही.

म्हणूनच फक्त ६४ जीबी साठवणुकीचा स्वस्त लॅपटॉप घेताना विचार करावा. विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागतेच. असा लॅपटॉप पहिल्या काही अपडेटमध्येच भरून जातो.

मोबाइलमध्ये काय?

बरेच अँड्रॉइड फोन १२८ जीबी पूर्ण दाखवतात, पण त्यातच 'सिस्टिम'चा वाटा वेगळा लिहिलेला असतो. आपल्या हाती येते ती उरलेली जागा. '८ अधिक ८ जीबी रॅम' अशी जाहिरात असेल तर दुसरे ८ जीबी खरी रॅम नसते. ती साठवणुकीतलीच जागा तात्पुरती वापरलेली असते. ही सोय बंद केली की तेवढी जागा मोकळी होते.

खरी फसवणूक कशी ओळखायची?

लॅपटॉपवर 'सी' ड्राइव्ह लहान दिसला तर लगेच भांडायला जाऊ नये. आधी स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तिथे 'डिस्क ०' पुढे पूर्ण आकडा दिसतो. कधी कधी एकाच डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे दोन भाग केलेले असतात. पण बिलावर ५१२ असताना पूर्ण डिस्कच २३८ ची निघाली, तर तो मापाचा फरक नाही. ती २५६ ची डिस्क आहे आणि दुकानदाराला जाब विचारलाच पाहिजे.

सर्वांत जास्त जपायचे ते पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड घेताना. दोन-चारशे रुपयांत १ किंवा २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर तो खोटा समजावा. त्याच्या आतल्या चिपला खोटा आकडा सांगायला लावलेले असते. कॉम्प्युटरवर १ टीबी दिसते, पण आत थोडीच जागा असते. ती भरली की पुढच्या फाइली नावाने दिसतात, उघडत मात्र नाहीत. लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन असेच जातात. म्हणून नवीन पेनड्राइव्ह रिकामा असतानाच 'एच२टेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रॅमने तपासून घ्यावा. तो पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतो. त्याला वेळ लागतो, पण खोटा आकडा त्यापुढे टिकत नाही.

तक्रार कुठे करायची?

पक्के बिल घ्यावे. त्यावर डिस्कचा आकडा आणि मॉडेल नंबर लिहून घ्यावा. बॉक्स लगेच फेकू नये. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करता येतो. पुढची पायरी म्हणजे गोंदियाचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

शंभरामागे सातचा फरक असेल तर दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. फरक निम्म्याचा असेल तर मात्र बिल घेऊन सरळ दुकान गाठावे.