नगरचे कोरे चेहरे

१८६७ साली चार्ल्स डार्विनने सोळा प्रश्नांची एक यादी जगभरच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे पाठवली. आश्चर्य वाटले की डोळे विस्फारतात का, भुवया उंचावतात का? लाजेने चेहरा लाल होतो का? चेहऱ्यावरचे भाव माणसाला वारशाने मिळतात की समाज ते शिकवतो, याचा त्याला छडा लावायचा होता. एकूण छत्तीस उत्तरे आली. त्यांत एक आपल्या अहमदनगर जिल्ह्यातले होते.

ते पाठवणाऱ्या एच. अर्स्किन यांना खात्रीचा निष्कर्ष काढणे फार जड गेले. त्याचे कारण डार्विनने भावाविष्कारावरील आपल्या १८७२ च्या ग्रंथात नोंदवले आहे: युरोपीय माणसासमोर इथले लोक आपल्या भावना सवयीने लपवत. डार्विनच्या लेखी ही निरीक्षणातली अडचण होती. आज मात्र हीच नोंद मोलाची वाटते. हसू-रडू उपजत असेल, पण कोणासमोर चेहरा कोरा ठेवायचा हे माणूस जगता जगता शिकतो. त्याच जिल्ह्यातल्या कुणब्यांच्या मनात काय साचत होते, ते १८७५ मध्ये उघड झाले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात मे महिन्यात पेटलेला दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. सावकारांची कर्जखते जाळली गेली.

भाव दाखवणे ही एक बाजू, तो ओळखणे ही दुसरी. तिथेही वारसा आणि अनुभव दोन्ही आहेत. चेहरा कोणाचा हे ओळखण्याच्या क्षमतेत एकसारखी जुळी भावंडे इतर जुळ्यांपेक्षा एकमेकांच्या कितीतरी जवळ असतात, असे २०१० च्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे तिथे जनुकांचा वाटा मोठा. पण त्या चेहऱ्यावरचा राग किती लवकर कळतो, यात आयुष्याचाही हात असतो. सेथ पोलाक आणि पवन सिन्हा यांनी २००२ मध्ये मुलांना धूसर चेहरे हळूहळू स्पष्ट होताना दाखवले. घरात मार खाल्लेल्या मुलांनी इतरांच्या आधी, अपुऱ्या चित्रातूनच राग ओळखला. ज्याला मार चुकवायचा असतो, त्याला समोरच्याच्या कपाळावरची आठी आधी दिसते.

नगरच्या रयतेलाही साहेबाची मर्जी ओळखूनच वागावे लागत असणार. साहेबाचे मात्र रयतेचा चेहरा न वाचता भागत होते. डार्विनच्या सोळा प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता की, रयतेला साहेबाच्या चेहऱ्यावर काय दिसते.