ओल्गाच्या वह्या

रशियाच्या राजघराण्यात रोजनिशी म्हणजे नित्यनेम. दुसऱ्या निकोलसने ती १८८२ साली, चौदाव्या वर्षी सुरू केली आणि मृत्यूच्या चार दिवस आधीपर्यंत सोडली नाही. चारही मुलींना तीच सवय लागली. लिहिण्याची तऱ्हाही वडिलांचीच: हवा कशी होती, चर्चला गेलो, जेवायला कोण होतं.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि या कोरड्या नोंदींत बाहेरची माणसं शिरली. राणी अलेक्झांड्रा आणि थोरल्या ओल्गा-तातियाना त्सार्स्कोये सेलोच्या इस्पितळात शल्यचिकित्सक वेरा गेद्रोइत्स यांच्या हाताखाली शिकल्या आणि नोव्हेंबरात रीतसर परिचारिका झाल्या. मग पानापानांवर मलमपट्ट्या: जखमीचं नाव, त्याची पलटण, जखम कुठे. राजकारण फारसं नाही, म्हणून या वह्या किरकोळ ठरवणारे भेटतात. मला त्या फार मोलाच्या वाटतात. सेनापतींच्या आठवणी निकाल लागल्यावर लिहिलेल्या असतात. ओल्गाला उद्याचं काहीच ठाऊक नव्हतं.

दिमित्री शाख-बागोव हा जखमी अधिकारी १९१५ मध्ये तिच्या वहीत आला. पुढे तो नुसता ‘मीत्या’ झाला. तो भेटला की दिवस चांगला. फोनवर बोलणं झालं तरी त्याची नोंद व्हायची. त्याच वर्षाअखेर मनावरच्या ताणामुळे ओल्गाला शस्त्रक्रियेच्या खोलीतलं काम झेपेनासं झालं. तातियाना टिकून राहिली. छायाचित्रांत दोघी एकसारख्या पांढऱ्या वेषात दिसतात. हा फरक तिथे दिसत नाही.

मार्च १९१७ मध्ये वडिलांनी सिंहासन सोडलं. अलेक्झांड्राने जुनी पत्रं जाळायला घेतली. ओल्गाची रोजनिशी त्याच महिन्यात थांबली, पुढे ती सोळा महिने जगली तरीही. जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्गला सारं कुटुंब मारलं गेलं आणि उरलेली कागदपत्रं मॉस्कोला नेली गेली. सोव्हिएत काळात सामान्य वाचकाला ती दुर्लभच होती. आज ती तिथल्या सरकारी अभिलेखागारात आहेत.

धाकट्या अनास्तासियाची एकही रोजनिशी उरलेली नाही. तोतया बायका उभ्या राहिल्या त्या मुख्यतः तिच्याच नावाने, आणि नाटक-चित्रपटही तिच्यावरच निघाले. ओल्गाच्या बाबतीत असं रचणं अवघड आहे. कोणत्या दिवशी कुणाची पट्टी बदलली, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय.